निवडणुकीत सरसकट बंदुका जमा, नंतर परत देईनात: कायद्याने काय करता येईल?

काजूबाग (प्रश्न)

वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना आहे. त्यावर एक ठासणीची आणि एक १२ बोअरची एकनळी. परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) पडलेला आहे, वडिलांवर साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नाही. तरी दर निवडणुकीला ठरलेलं असतं. आचारसंहिता लागली की पोलीस पाटलांच्या ग्रुपवर मेसेज येतो, "सर्व परवानाधारकांनी उद्या सकाळी ११ पर्यंत हत्यारे ठाण्यात जमा करावीत, अन्यथा कारवाई." कागद कसलाच नाही. विधानसभेच्या वेळी तर भात पिवळं पडलेलं असतं, रात्री डुकरं खाचरात लोळतात आणि बंदूक ठाण्यात.

या वेळी त्यावर कडी झाली. निकाल लागून तीन महिने होत आले तरी बंदुका परत नाहीत. दरम्यान परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ७० दिवस आधी दिलाय, पोच हातात आहे. ठाण्यात म्हणतात, "परवाना चालू करून आणा, मग देतो." कचेरीत म्हणतात, "पोलीस अहवाल आला नाही." आणि अहवाल द्यायचाय तो त्याच ठाण्याने! मुद्देमाल खोलीत लांबून बघायला मिळालं, एकनळीच्या नळीवर तांबूस गंज चढलाय.

हा सरसकट जमा करण्याचा हुकूम मुळात कायदेशीर आहे का? अहवालाचं घोंगडं किती दिवस भिजत ठेवू शकतात? गंजाची भरपाई कोणाकडे मागायची? आणि घटनेतल्या हक्कांवर गदा आली म्हणून अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येतं का?

कोर्टाची_पायरी

आधी एक गैरसमज काढून टाका, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. आपल्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो शांततेने आणि "विनाशस्त्र" एकत्र जमण्याच्या हक्कात. म्हणजे उलटाच. "बंदूक बाळगणं हा माझा हक्क" अशी याचिका पहिल्याच तारखेला मार खाते.

तुमचा हक्क वेगळ्या जागी आहे. सरकारने परवाना दिला, त्यावर तुम्ही कायदेशीर मालमत्ता घेतली. ती काढून घ्यायची तर योग्य अधिकाऱ्याने, तुमच्यापुरता विचार करून, कारण लिहून, कायद्यातल्या अधिकारानेच काढून घेता येते. कलम १४ (मनमानीला मज्जाव) आणि ३००क (कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता हिरावता येत नाही) इथे लागू पडतात. याचिका या पायावर उभी करा.

आता सरसकट हुकूम. या विषयावर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे: गोविंद ऊर्फ भाई गणेश तिळवे विरुद्ध विक्रम कुमार, जिल्हाधिकारी व इतर. त्यानंतर निवडणूक आयोगाने देशभरासाठी जी कार्यपद्धती घालून दिली ती या निकालावरच आधारलेली आहे. थोडक्यात अशी: प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती, तिच्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक (आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त). निवडणूक जाहीर झाल्या दिवसापासून समितीने एकेक परवाना तपासायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी, विशेषतः निवडणुकीत, दंगलीत सापडलेले, अशांची प्रकरणं बघायची. ज्यांच्याबाबत गरज वाटेल त्यांनाच जिल्हादंडाधिकाऱ्याने नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून जास्तीत जास्त सात दिवसांत शस्त्र जमा करायचं, त्याची रीतसर पावती द्यायची, आणि निकाल जाहीर झाल्यावर आठवडा झाला की लगेच परत करायचं.

यात पोलीस पाटलाचा मेसेज कुठे बसतो? कुठेच नाही. ठाणेदारही परवाना प्राधिकारी नव्हे. मात्र त्या तीन प्रकारच्या लोकांची यादी नमुन्यादाखल आहे, तेवढीच नव्हे. त्यामुळे "माझ्यावर गुन्हा नाही म्हणून मला नोटीस देताच येत नाही" असं म्हणू नका. "माझ्या प्रकरणाचा विचारच झालेला नाही" असं म्हणा. सरकारी वकिलाला याचं उत्तर द्यायला समितीचं इतिवृत्त दाखवावं लागतं, आणि पुष्कळदा त्यात नुसता "सर्व परवानाधारक" एवढाच शेरा असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर सरसकट जमा करून घेण्याला मनाई केली होती. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण जोडायला हरकत नाही.

आणखी दोन जुने निकाल लक्षात ठेवा. पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी (१९५२), अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाच्या परवानगीचं प्रकरण. आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून परवानगी रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अधिकार ज्याला दिलाय त्याने स्वतःच्या बुद्धीने वापरायचा, वरून आलं म्हणून नुसती सही ठोकायची नाही. दुसरा मोहिंदरसिंग गिल (१९७८): हुकूम टिकतो की नाही हे त्यात लिहिलेल्या कारणांवरच ठरतं, नंतर प्रतिज्ञापत्रात नवीन कारणं घुसडता येत नाहीत.

तुमच्या बाबतीत एक तारीख फार महत्त्वाची आहे. निकालानंतर आठवडा पुरा झाला त्या दिवशी परवान्याची मुदत शिल्लक होती का?

काजूबाग

होय, त्या दिवशी ४० दिवस शिल्लक होते. त्या आठवड्यात दोनदा गेलो, "साहेब बंदोबस्ताला आहेत" म्हणाले.

कोर्टाची_पायरी

मग प्रकरणाचे दोन तुकडे पडतात आणि ते वेगळे ठेवा.

पहिले ४० दिवस: परवाना चालू, निवडणूक संपलेली, बंदूक अडवून ठेवायला आधार शून्य. बेकायदा कृत्य इथून सुरू होतं.

मुदत संपल्यानंतरचे दिवस: इथे ठाण्याचं म्हणणं ऐकायला कितीही संतापजनक वाटलं तरी अर्धं बरोबर आहे. मुदत संपली की शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडेच असायला हवं. ओळखीने "घेऊन जा रे" असं कोणी म्हणालं तरी घेऊ नका. विनापरवाना बाळगल्याबद्दल कलम २५(१ख)(क) लागतं, २०१९ च्या दुरुस्तीपासून त्यात किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. भांडणात बरोबर असलेला माणूस इथे आरोपी होऊन बसतो.

तेव्हा आता ठाण्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. जोर नूतनीकरणावर लावा. त्यासाठी कायद्यात चांगली सोय आहे. कलम १५ प्रमाणे नूतनीकरणालाही १३ आणि १४ ही कलमं लागू आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला ६० दिवस आहेत. आणि कलम १३(२क) च्या परंतुकात ("परंतु" म्हणून जोडलेल्या तरतुदीत) स्पष्ट आहे की अहवाल वेळेत आला नाही तर परवाना प्राधिकारी त्याची वाट न पाहता हुकूम करू शकतो. "अहवाल नाही" हे कायद्याने उत्तरच नाही. अर्जात हे परंतुक शब्दशः उतरवा. गृह शाखेच्या कारकुनाला ते बहुधा माहीत असतं, पण फायलीवर टिपणी टाकायला त्याला तुमच्या अर्जाचं निमित्त लागतं.

गृहशाखा_टेबल३

वरच्या मुद्द्याला जोड. कचेरीच्या बाजूने अर्ज कसा हलतो ते सांगतो.

अर्ज "मा. जिल्हाधिकारी" एवढाच पत्ता घालून देऊ नका. निवडणुकीच्या काळात "अध्यक्ष, छाननी समिती तथा जिल्हादंडाधिकारी" आणि एरवी "परवाना प्राधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी" असं लिहा, खाली "गृह शाखा". काही जिल्ह्यांत हे काम दंडशाखेकडे असतं, आधी विचारून घ्या. प्रत पोलीस अधीक्षकांना. अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत, काही कचेऱ्यांत बारनिशी म्हणतात, तिथे देऊन दुसऱ्या प्रतीवर क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्या. नुसत्या सहीची पोच पुढे "ही सही कोणाची?" यात अडकते.

मजकूर एका पानात बसवा. परवाना क्रमांक, यूआयएन, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक, नूतनीकरण अर्जाची तारीख व पोच क्रमांक, जमा पावतीची तारीख, निकालाची तारीख. मग तीन मागण्या: अहवालाविना १३(२क) खाली निर्णय द्यावा, नाकारायचं असल्यास १४(३) प्रमाणे कारणं लेखी द्यावीत, निर्णय होईपर्यंत शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे हलवू द्यावं. राजकारण, आमदार, "आमच्यावर अन्याय" हे सगळं वगळा.

शेती संरक्षणवाल्यांनी १३(३)(क) आवर्जून उद्धृत करावं. २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना "देईल" असं कायदा म्हणतो, "देऊ शकेल" असं नाही. रिव्हॉल्वर-पिस्तूलवाल्यांना सबळ कारण पटवावं लागतं, तुम्हाला तेवढं नाही. नकार द्यायचा तर कलम १४ मधलंच कारण लागतं. सोबत सातबारा, पीकपाहणी, आणि वन विभागाकडे पीक नुकसानीचे अर्ज केले असतील तर त्यांच्या प्रती लावा. पण परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वन विभागाची वेगळी बाब आहे. अर्जात "आम्ही दरवर्षी डुकरं मारतो" असं उत्साहाच्या भरात लिहिलं तर वन्यजीव कायद्याची नोटीस घरी येईल.

टेबलावरच्या दिरंगाईला २००५ चा राज्याचा कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय. हेतुपुरस्सर विलंबाला शिस्तभंगाची कारवाई. स्मरणपत्रात "कलम १० अन्वये फाईल कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे ते कळवावे" हे एक वाक्य टाका. कारवाई होवो न होवो, फाईल मात्र हलते.

माहिती अधिकाराचा अर्ज समांतर टाकून ठेवा. १० रुपये, ३० दिवस. मागा: छाननी समितीच्या बैठकांचं इतिवृत्त, तुमच्या परवान्यासमोरचा शेरा, किती परवान्यांपैकी किती जणांना नोटिसा गेल्या, ठाण्याला अहवालासाठी पाठवलेल्या पत्राची आणि स्मरणपत्रांची प्रत. निवडणुकीच्या काळात याचा उपयोग नाही, उत्तर येईपर्यंत मतमोजणी उरकलेली असते. नंतरच्या याचिकेला मात्र हाच दारूगोळा. सी-व्हिजिल ॲपवर तक्रार टाकू नका, ते आचारसंहिता भंगासाठी आहे.

दुनळी

बाकीचं वकील मंडळी सांगतीलच. मी जमा करण्यापुरतं सांगतो, कारण नंतरची निम्मी भांडणं त्या दिवशीच्या आळसातून उगवतात.

मेसेज बेकायदा असला तरी "देत नाही जा" म्हणू नका. लेखी नोटीस मागा, न दिल्यास जमा करा आणि पावतीवर किंवा सोबतच्या पत्रावर "हरकत राखून, लेखी नोटिशीविना जमा" असं लिहून सही करा. लेखी नोटीस खरंच आलेली असताना जमा न करणं म्हणजे भारतीय न्याय संहिता २२३ ला (जुनं १८८) आमंत्रण.

ठासणीची असेल तर भरलेली आहे का ते घरीच बघा. गज नळीत टाकून बाहेर किती राहतो ते पाहा आणि रिकाम्या नळीच्या खुणेशी ताडा. बार भरलेला राहिलेल्या बंदुका ठाण्यात जातात आणि मग कोणाच्या तरी अंगाशी येतं. काळ्या दारूची काजळी ओल धरते, तिच्यावरून तेल फिरवून काहीच होत नाही. आधी कढत साबणपाण्याने नळी धुवा, निपल काढून साफ करा, पूर्ण कोरडी करा, मगच आतून-बाहेरून तेलाचा जाडसर हात. एकनळीला नळीतून कोरडा चिंधा, मग तेलाचा चिंधा. कापडी म्यानात ठेवून देऊ नका, पावसाळी हवेत कापडच ओल पकडतं.

पावतीवर इतकं तरी हवं: प्रकार, बोअर, कारखान्याचं नाव, क्रमांक (जुन्या ठासणीला क्रमांक नसेल तर ठोकलेली ओळखखूण), नळीची लांबी, काडतुसांची संख्या, आणि "स्थिती: गंजविरहित, चालू". हा शेवटचा शब्द कोणी स्वतःहून लिहीत नाही. लिहिला नाही तर जमा करताना मुद्देमाल कारकुनाच्या टेबलावरच तारीख दिसेल असे फोटो काढा आणि त्याच दिवशी ठाण्याच्या ईमेलवर पाठवा. ठाणे दैनंदिनीचा नोंद क्रमांक मागून घ्या.

ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला मुभा आहे का हे नोटिशीत बघा, पुष्कळ जिल्ह्यांत चालतं. विक्रेता भाडं घेतो पण तेल-पाणी करतो. काजूबाग, तुमच्या एकनळीला आता हाच उपाय. गंज वरवरचा असेल तर बारीक स्टीलवूल आणि तेलाने निघेल. नळीच्या आत खड्डे पडले असतील तर ती बंदूक उडवायची नाही, आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून त्याचा लेखी दाखला घ्या. तो पुढे भरपाईला लागेल.

काजूबाग

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात बसलं. अर्ज देऊनही हलले नाहीत तर अपील की थेट हायकोर्ट? आणि भरपाईचं राहिलं.

कोर्टाची_पायरी

अपील शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली, ३० दिवसांत. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हुकमावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या हुकमावर राज्य शासनाकडे म्हणजे गृह विभागाकडे. पण अपिलाला हुकूम लागतो. तुमच्याकडे हुकूमच नाही, नुसती चुप्पी आहे, आणि चुप्पीवर अपील होत नाही. उद्या त्यांनी नूतनीकरण नाकारलं किंवा कलम १७ खाली परवाना रद्द केला, तर अपील. त्या दिवशी कारणांची प्रत लगेच मागा, आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्ज जोडा. नुसतं अपील दाखल केल्याने मूळ हुकूम थांबत नाही. कलम १७(३)(ख) मधलं "सार्वजनिक शांतता व सुरक्षितता" हे कारण फार सैल वापरलं जातं. एखादा गुन्हा दाखल आहे एवढ्यावरून परवाना जात नाही, त्या माणसाच्या हातातल्या शस्त्रामुळे शांततेला धोका कसा, हे दाखवावं लागतं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. गावच्या बांधाच्या भांडणातून खोट्या तक्रारी होतात तिथे हे उपयोगी पडतं.

चुप्पीवर उपाय म्हणजे घटनेच्या कलम २२६ खालची हायकोर्टातली रिट याचिका, परमादेशाची (अधिकाऱ्याने आपलं काम करावं अशा आदेशाची) मागणी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या सहा जिल्ह्यांची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. रायगड, ठाणे, पालघरवाल्यांना मुंबईच.

मागण्या मोजक्या ठेवा. एक, अमुक आठवड्यांत नूतनीकरण अर्ज निकाली काढण्याचा आदेश. दोन, नूतनीकरण होताच सात दिवसांत शस्त्रं परत. तीन, तोवर परवानाधारक विक्रेत्याकडे हलवण्याची अंतरिम परवानगी. चार, पुढच्या निवडणुकीत वैयक्तिक छाननी आणि लेखी नोटिशीशिवाय जमा करून घेऊ नये. पहिल्या दोन मागण्या बहुधा पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिळतात, कारण "निर्णय द्या" एवढंच मागितल्यावर सरकारी वकिलाकडेही विरोध करण्यासारखं काही नसतं. "परवानाच द्या" असं मागाल तर प्रकरण लांबतं, कोर्ट परवाना प्राधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही.

सरकारकडून हमखास दोन आक्षेप येतात. पर्यायी उपाय आहे, म्हणजे अपील करा. त्याला सर्वोच्च न्यायालयाचा व्हर्लपूल निकाल (१९९८) दाखवा: नैसर्गिक न्याय डावलला असेल किंवा अधिकारच नसताना हुकूम झाला असेल तर अपिलाची अट आड येत नाही. दुसरा, घटनेचं कलम ३२९(ख), निवडणुकीत कोर्टाने हात घालू नये. तुम्ही निवडणुकीलाच आव्हान देत नाही, परवानाधारकाशी कसं वागावं एवढंच विचारताय, आणि तिळवे प्रकरणात कोर्टाने तेच पाहिलं.

जिल्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ (जुनं १४४) खालचा मनाई हुकूम असेल तर तो नीट वाचा. शस्त्र घेऊन फिरायला मनाई आणि घरातलं शस्त्र ठाण्यात आणून द्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक हुकूम पहिल्या प्रकारचे असतात आणि ठाण्यात ते दुसऱ्यासारखे वाचले जातात. असा हुकूम दोन महिन्यांच्या पुढे टिकत नाही, राज्य शासनाने वाढवला तर गोष्ट वेगळी. आणि तो रद्द करा किंवा बदला असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्याकडे १६३ खालीच करता येतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

भरपाईबद्दल. तुमची बंदूक गुन्ह्यातला मुद्देमाल नाही, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्याकडे सुपूर्दनाम्याचा (जप्त वस्तू ताब्यात मागण्याचा) अर्ज हा रस्ता तुमचा नव्हे. पण सरकारकडे ठेवलेली वस्तू सरकारने नीट सांभाळलीच पाहिजे, हे १९६७ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध मेमन महोमद यात ठरलंय. जप्त केलेल्या गाड्या परस्पर निकाली काढल्या होत्या. आणि नागेंद्र राव (१९९४) मध्ये जप्त खत-धान्य निष्काळजीपणाने खराब झालं त्याची भरपाई राज्याला द्यावी लागली. "सार्वभौम कार्य" म्हणून हात झटकता आले नाहीत. रक्कम रिटमध्ये मागू नका, किती नुकसान याचा पुरावा तिथे तपासत नाहीत. दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १६१ मध्ये पोलिसांविरुद्धच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचे तीन गेलेत. मुदतीवरून वाद घालता येतो, पण वाद घालायची वेळ आणू नका. खरं सांगायचं तर जुन्या एकनळीच्या गंजाला जितके पैसे मिळतील त्याहून खर्च जास्त. नोटीस द्या, दुरुस्तीचा खर्च मागा, त्यावर मिटलं तर मिटवा.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत बसून वाचतोय. अमेरिकेत नागरी हक्कांच्या कायद्यातल्या सेक्शन १९८३ खाली राज्य किंवा स्थानिक अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा लावता येतो, जिंकलात तर सेक्शन १९८८ खाली वकिलाची फीसुद्धा समोरच्याकडून. भारतात तसं काहीच नाही?

कोर्टाची_पायरी

तसं नाही. पण तिथेही चित्र वाटतं तितकं सोपं नाही. हक्क आधीच्या निकालांनी स्पष्ट ठरलेला नसेल तर अधिकारी "क्वालिफाइड इम्युनिटी"खाली सुटतो. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॅकी विरुद्ध स्टिनी यात सांगितलं की नुसता तात्पुरता मनाई हुकूम मिळवला आणि मग सरकारने कायदाच बदलून प्रकरण संपवलं तर फी मिळत नाही. तुमच्या राज्यात फायरआर्म्स आयडी कार्ड (बंदूक घ्यायला लागणारं ओळखपत्र) नाकारलं तर ३० दिवसांत काउंटीच्या सुपीरियर कोर्टात सुनावणीची लेखी मागणी करायची, त्याला कोर्ट फी नाही. तो सोपा रस्ता सोडून थेट फेडरल दावा लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

आपल्याकडे शस्त्र अधिनियमाचं कलम ४० सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. भारतीय न्याय संहिता १९८ (जुनं १६६) मध्ये कायदा मुद्दाम मोडून इजा करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे, पण कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीसाठी खटल्याला पूर्वमंजुरी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, ही सुधारणा खरी. तरी हेतू सिद्ध करणं फार अवघड. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९४) मध्ये भरपाई दोषी अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करायला सांगितलं होतं, त्याचा आधार नोटिशीत घ्या. पैसे मागितले, धमकावलं असं काही असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. नुसत्या दिरंगाईसाठी मात्र तिकडे वेळ घालवू नका. हायकोर्टाचा आदेश हातात आल्यावर तो पाळला नाही तर अवमान याचिका, एका वर्षाच्या आत. अधिकारी व्यक्तिशः घाबरतो तो तिलाच.

रानवाट

मधेच विचारतो. वडील वारले, बंदूक ठाण्यात जमा आहे. वारसाला मिळते का?

गृहशाखा_टेबल३

मिळते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, बाकी वारसांचं ना-हरकत आणि तुमचा स्वतःचा परवान्याचा अर्ज, असं एकत्र द्या. परवाना मिळाला की बंदूक परत मागायची, नाही मिळाला तर कलम २१(२) खाली ती परवानाधारकाला विकायचा हक्क वारसाला आहे. मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा होते. जप्तीआधी ३० दिवसांची कारणे दाखवा नोटीस यावी लागते, पण ती जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते, म्हणून ठाण्याला आणि कचेरीला तुमचा पत्ता लेखी कळवून ठेवा. आणि ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी थांबू नये. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. काजूबाग, तुमच्या वडिलांचं वय किती? नूतनीकरणाची फाईल उघडलेलीच आहे, बसत असेल तर तोही अर्ज याच वेळी देऊन टाका. मात्र दोन्ही अर्जांना वेगवेगळा आवक क्रमांक घ्या, एकाच लिफाफ्यात दिले तर एकच नोंद होते आणि दुसरा कागद फाईलच्या तळाशी जातो.